आलेल्या मेलवर आपलं टिपण: थंडरबर्डमध्ये लावायचं कसं, टिकवायचं कसं

सरकारी कचेरीतली फाइल उघडून पाहिली असेल तर तिचे दोन भाग आठवतील: टिप्पणी एकीकडे आणि पत्रव्यवहार दुसरीकडे. आलेल्या पत्राला कोणी हात लावत नाही. त्यावर काय बोलणं झालं, काय ठरलं, पुढे काय करायचं, हे सगळं टिप्पणीच्या पानावर लिहिलं जातं. मेलच्या बाबतीत नेमकी ही सोय बहुतेक प्रोग्रॅम देत नाहीत. पुरवठादाराचा मेल येतो, त्यावर फोनवर दर ठरतो, आणि तो दर डायरीत, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिला जातो. तीन महिन्यांनी मेल सापडतो, दर सापडत नाही.

थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये ही टिप्पणी मेललाच चिकटवता येते. काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. पण टिपण नेमकं कुठे साठतं हे न समजता सुरुवात केली, तर संगणक बदलताना वर्षभराची टिपणं एका फटक्यात जातात. म्हणून खाली बसवण्याइतकीच जागा साठवणीला दिली आहे.

हाताशी काय हवं

- विंडोज, मॅक किंवा लिनक्सचा संगणक. थंडरबर्डच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये अ‍ॅड-ऑन (प्रोग्रॅमला वरून जोडायचे छोटे पूरक भाग) चालत नाहीत, त्यामुळे फोनवर ही पद्धत उपयोगाची नाही. फोनसाठीची वाट पायरी ८ मध्ये आहे.
- थंडरबर्डमध्ये जोडलेलं आणि नीट चालणारं मेल खातं. शक्यतो आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतात), पॉप (यात ते संगणकावर उतरतात) असलं तरी चालतं.
- 'एक्सनोट++' (XNote++) किंवा 'क्यूनोट' (QNote) यांपैकी एक अ‍ॅड-ऑन. दोन्ही मोफत आहेत.
- बॅकअपसाठी पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क.
- मराठीत लिहायचं असेल तर मराठी कीबोर्ड. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

## १. टिपण कुठे राहणार ते आधी समजून घ्या

आयमॅप सर्व्हरवर एकदा पोचलेला मेल बदलत नाही. त्याच्यावरच्या खुणा बदलतात: वाचला, तारांकित, टॅग लावला. मजकूर मात्र गोठलेला असतो. कोणताही प्रोग्रॅम 'मेल बदलला' असं दाखवतो तेव्हा त्याने बदललेली नवी प्रत सर्व्हरवर चढवून जुनी काढून टाकलेली असते.

मेलसोबत टिपण सर्व्हरवरच ठेवता यावं म्हणून आयमॅपला एक जोड सुचवली गेली होती. २००८ मध्ये तिचा मसुदा 'प्रायोगिक' म्हणून प्रसिद्धही झाला. पण ती रुळली नाही. म्हणून अ‍ॅड-ऑनने लिहिलेलं टिपण सर्व्हरवर जात नाही, ते तुमच्या संगणकावर राहतं. घरच्या संगणकावर लिहिलेलं टिपण ऑफिसात दिसत नाही, यात बिघाड काही नसतो.

मग टिपण योग्य मेललाच कसं चिकटतं? प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'मेसेज-आयडी' नावाची एक ओळ असते. मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबा. कच्चा मजकूर उघडेल, त्यात कोनी कंसातला लांबलचक मजकूर दिसेल, तोच हा आयडी. अ‍ॅड-ऑन टिपणाची गाठ या आयडीशी बांधतं. मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तरी आयडी तोच राहतो आणि टिपण सोबत येतं. स्वतःलाच पाठवलेल्या मेलच्या दोन प्रती असतात, एक 'सेंट'मध्ये आणि एक इनबॉक्समध्ये. त्यांचा आयडी एकच असल्याने एकीवरचं टिपण दुसरीवरही दिसतं. ते पुसू नका; एकीकडून पुसलं की दोन्हीकडून जातं.

## २. थंडरबर्डची आवृत्ती तपासा

ही पायरी नवखे लोक सर्रास गाळतात आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

थंडरबर्डच्या दोन शाखा आहेत. मार्च २०२५ पासून दर महिन्याला नवी आवृत्ती देणारी 'रिलीज' शाखा ही मुख्य झाली. दुसरी 'ईएसआर', म्हणजे दीर्घ मुदतीची, तिची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून एकदा बदलते. टिपणांची अ‍ॅड-ऑन्स थंडरबर्डच्या आतल्या भागांना हात घालतात, त्यामुळे मोठी आवृत्ती बदलली की त्यांनाही सुधारावं लागतं. ती फावल्या वेळात सांभाळली जाणारी कामं आहेत, दर महिन्याला त्यांनी धावावं ही अपेक्षा चुकीची.

टिपणांवर काम अवलंबून असेल तर ईएसआरच घ्या. थंडरबर्डच्या संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावर शाखा निवडायची यादी असते. तुमच्याकडे सध्या कोणती आहे ते 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट थंडरबर्ड'मध्ये कळतं. ईएसआर असेल तर आकड्यानंतर तसं लिहिलेलं असतं. मेनूपट्टी दिसत नसेल तर ऑल्ट दाबा.

एक सावधगिरी. नव्या आवृत्तीवरून जुन्या आवृत्तीवर उतरलात तर थंडरबर्ड आधीचं प्रोफाइल, म्हणजे तुमचे मेल, खाती आणि सेटिंग यांचा साठा, उघडायला नकार देतं आणि नवं कोरं प्रोफाइल करायला सांगतं. मेल गेले असं वाटून घाबरायला होतं. गेलेले नसतात, पण तो खटाटोप टाळलेला बरा. रिलीज शाखा आधीपासून वापरात असेल तर तीच राहू द्या आणि पायरी ७ मधला बॅकअप अधिक काटेकोरपणे घ्या.

## ३. अ‍ॅड-ऑन बसवा

१. उजवीकडे वरच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा आणि 'अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स' निवडा.
२. शोधाच्या चौकटीत अ‍ॅड-ऑनचं नाव रोमन लिपीत लिहा. देवनागरीत लिहून सापडणार नाही.
३. तुमच्या आवृत्तीशी ते जुळतं का, हे पाहून 'अ‍ॅड टू थंडरबर्ड' दाबा.
४. परवानगीची चौकट येईल. थंडरबर्डवर आणि संगणकावर पूर्ण प्रवेश मागितलेला दिसेल.

परवानगीच्या या चौकटीपाशी पुष्कळ जण थबकतात, आणि थबकायलाच हवं. ही अ‍ॅड-ऑन्स संगणकावरच्या फोल्डरमध्ये फाइली लिहितात, म्हणून एवढी परवानगी लागते. ती द्यायची तर अ‍ॅड-ऑन थंडरबर्डच्या अधिकृत यादीतूनच घ्या. इतरत्र कुठून उतरवलेली फाइल बसवू नका. कंपनीचा संगणक असेल तर आधी आयटी विभागाला विचारा.

दोन्ही अ‍ॅड-ऑन एकाच वेळी बसवू नका. दोन्ही एकाच मेलवर खिडक्या उघडतात आणि कुठलं टिपण कशात लिहिलं याचा घोळ होतो. निवड कशी करायची? एक्सनोट++ प्रत्येक टिपणाची वेगळी फाइल करतं, ते समजायला सोपं. क्यूनोटमध्ये साठवणीचे दोन पर्याय आहेत: स्वतःच्या पोटात किंवा एक्सनोटशी जुळणाऱ्या फाइलींच्या फोल्डरमध्ये. माझा कौल क्यूनोटला, पण फक्त फोल्डरच्या पर्यायासह. कारण पुढच्याच पायरीत येतं.

## ४. साठवणीचं फोल्डर ठरवा, पहिलं टिपण लिहिण्याआधी

अ‍ॅड-ऑन पोटात साठवत असेल तर एक धोका असतो: अ‍ॅड-ऑन काढून टाकलं की पोटातला साठाही पुसला जातो. 'चालत नाहीये, काढून परत बसवू' हा आपला नेहमीचा उपाय इथे घातक ठरतो. म्हणून फोल्डर हवं. अ‍ॅड-ऑन राहो न राहो, फाइली जागेवर राहतात.

अ‍ॅड-ऑन्सच्या यादीत त्याच्या नावाशेजारचं पान्याचं चिन्ह दाबा. सेटिंगमध्ये साठवणीची जागा दिसेल. ती बदलली नाही तर एक्सनोट++ टिपणं प्रोफाइल फोल्डरच्या आत 'एक्सनोट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. हे प्रोफाइल फोल्डर विंडोजमध्ये लपलेल्या जागी असतं, शोधत बसू नका. 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोर 'ओपन फोल्डर'चं बटण असतं.

स्वतःचं फोल्डर निवडणार असाल तर 'डॉक्युमेंट्स'मध्ये एक साधं फोल्डर करा, नाव रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता द्या. दोन संगणकांवर टिपणं हवी असतील तर ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेच्या फोल्डरकडे दोन्हीकडून बोट दाखवता येतं. तेव्हा एक शिस्त पाळा: एका ठिकाणचं थंडरबर्ड बंद करा, फाइली वर चढू द्या, मगच दुसरीकडचं उघडा. दोन्हीकडे एकच टिपण उघडं असताना बदललं तर त्या सेवा दोन प्रती करतात. दुसरीच्या नावापुढे जास्तीचा मजकूर लागतो, ते नाव मेसेज-आयडीशी जुळत नाही आणि ते टिपण थंडरबर्डमध्ये दिसेनासं होतं.

## ५. पहिलं टिपण लिहा आणि दिसतं का ते पाहा

यादीतला एक मेल निवडा, उजवं क्लिक करा, अ‍ॅड-ऑनच्या नावाखाली टिपण तयार करायचा पर्याय दिसेल. छोटी पिवळी चिठ्ठी उघडते. लिहा, बंद करा. दुसऱ्या मेलवर जाऊन परत या. चिठ्ठी आपोआप उघडली की जमलं.

आता साठवणीच्या फोल्डरमध्ये जाऊन नवी फाइल तयार झाली का, तेही बघा. नाव विचित्र दिसेल, कारण ते मेसेज-आयडीवरून केलेलं असतं. फाइल नसेल तर साठवण पोटात चालू आहे, पायरी ४ कडे परत जा.

यादीत कोणत्या मेलवर टिपण आहे ते दिसावं म्हणून अ‍ॅड-ऑनचा एक वेगळा रकाना असतो. तो सापडत नाही अशी तक्रार वारंवार होते. कारण बहुधा एकच: मेलांची यादी 'कार्ड' पद्धतीत असते आणि कार्डांत असे रकाने नसतात. यादीच्या माथ्यावरच्या पर्यायांतून 'टेबल व्ह्यू' निवडा. मग रकान्यांच्या ओळीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक करून तो रकाना चालू करा.

## ६. टिपणात काय लिहायचं

सहा महिन्यांनी वाचणारा माणूस तुम्हीच असणार आहात, आणि त्याला काहीही आठवत नसणार. 'बोललो, ओके' हे टिपण त्याच्या काही कामाचं नाही. चार गोष्टी पुरतात: तारीख, कुठून कळलं, काय ठरलं, पुढचं पाऊल कोणाचं. उदाहरणार्थ:

> १२/६. फोनवर. दर ३४० वरून ३२५, वाहतूक त्यांची. ५० नगांच्या वर असेल तरच. सुधारित कोटेशन ते पाठवणार, १६/६ पर्यंत न आल्यास फोन करायचा.

जुनं खोडून नवं लिहू नका. खाली नव्या तारखेने ओळ वाढवा. सर्वांत नवी ओळ वर की खाली, हे एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा. शोधायला लागतील ते शब्द नेहमी एकाच पद्धतीने लिहा. 'कोटेशन' आणि 'कोटेशन्स', 'सोसायटी' आणि 'सोसा.' अशी सरमिसळ केली तर शोधताना निम्मी टिपणं हाती लागणार नाहीत.

पासवर्ड, पिन, कार्डाचे आकडे टिपणात कधीही लिहू नका. या फाइली साध्या असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. थंडरबर्डचा 'प्रायमरी पासवर्ड' फक्त साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावतो, टिपणांना नाही.

थंडरबर्डचा नेहमीचा शोध मेलांच्या मजकुरात शोधतो, टिपणांत नाही. टिपणांत शोधायचं तर फाइल एक्सप्लोररमध्ये साठवणीचं फोल्डर उघडून 'फाइलच्या मजकुरात शोधा' हा पर्याय लावा. त्याहून सोपं म्हणजे टॅग. अ‍ॅड-ऑनच्या सेटिंगमध्ये टिपण लिहिताच टॅग लावण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. मग यादीवरच्या 'क्विक फिल्टर'मधून फक्त टिपणवाले मेल समोर येतात.

टॅगांबद्दल एक बारीक गोष्ट. थंडरबर्डमध्ये पाच टॅग तयार मिळतात, १ ते ५ आकडे दाबून लागतात, ० दाबलं की निघतात. आयमॅप सर्व्हर परवानगी देत असेल तर टॅग सर्व्हरवरही जातात, म्हणजे टिपण नसलं तरी टॅग दुसऱ्या संगणकावर पोचतो. पण तुम्ही स्वतः केलेल्या टॅगचं सर्व्हरवरचं नाव तो पहिल्यांदा केला तेव्हाच्या अक्षरांवरून ठरतं. देवनागरी नाव दिलंत तर तिथे अगम्य अक्षरांची माळ जाते. म्हणून टॅग करताना आधी छोटं रोमन नाव द्या, नंतर हवं तर बदलून देवनागरी करा. आतलं नाव पहिलंच राहतं. दुसऱ्या संगणकावरही टॅग त्याच रोमन नावाने करा, तरच दोन्हीकडे एकच रंग दिसेल.

## ७. बॅकअप

थंडरबर्ड बंद करा. पूर्णपणे. उघडं असताना केलेली प्रत अर्धवट होऊ शकते. मग प्रोफाइल फोल्डर आणि, वेगळं ठेवलं असेल तर, टिपणांचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. महिन्यातून एकदा पुरे. थंडरबर्डचं अपडेट आलं असेल तर ते बसवण्याआधी एकदा जास्तीचं.

'टूल्स' मेनूतल्या 'एक्सपोर्ट'ने सगळं प्रोफाइल एका झिप फाइलमध्ये निघतं, पण २ जीबीपर्यंतच. मेलचा साठा त्याहून मोठा असेल तर हाताने कॉपी करण्याला पर्याय नाही. आणि बाहेर ठेवलेलं टिपणांचं फोल्डर या झिपमध्ये येत नाही, हे विसरू नका.

अपडेटनंतर टिपणं 'गायब' झाली तर घाईने काहीही काढू नका. क्रमाने पाहा: अ‍ॅड-ऑन्सच्या यादीत ते 'जुळत नाही' म्हणून बंद पडलंय का, फोल्डरमध्ये फाइली आहेत का, सेटिंगमधली जागा तीच आहे का. बहुतेक वेळा पहिलंच कारण निघतं. अ‍ॅड-ऑनची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं, तोवर फाइली नोटपॅडमध्ये वाचता येतात.

मेल डिलीट केला तरी त्याच्या टिपणाची फाइल मागे राहू शकते. जागा नगण्य लागते, पण खाजगी मजकूर असेल तर आधी टिपण पुसा, मग मेल. तसंच, मेल वेगळ्या फाइलीत जतन करून कोणाला दिला तर टिपण त्यात जात नाही. फॉरवर्ड करताना किंवा छापताना टिपण सोबत जोडण्याचे पर्याय सेटिंगमध्ये असले तर ते बंद ठेवा. 'हा माणूस दर पाडून मागतो' हे टिपण त्याच माणसाकडे जायला एक क्लिक पुरते.

## ८. फोनवरही टिपण हवं असेल तर

अ‍ॅड-ऑनशिवायची जुनी युक्ती: त्या मेलला स्वतःलाच उत्तर पाठवा. उत्तरात मूळ मेलचा आयडी जातो, त्यामुळे ते त्याच साखळीत दिसतं. फोनवर, वेबवर, सगळीकडे. शिवाय नेहमीच्या शोधातही सापडतं.

क्रम महत्त्वाचा. 'रिप्लाय' दाबा, 'रिप्लाय ऑल' नाही. सगळ्यात आधी समोरच्याचा पत्ता काढून स्वतःचा लिहा, मजकूर त्यानंतर. 'सीसी'ची ओळ उघडून पाहा. विषय बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की नवी साखळी सुरू होते. पहिल्या ओळीत ठरलेला एकच शब्द लिहा, 'टिपण' चालेल, म्हणजे तो शब्द शोधला की सगळी टिपणं निघतात. जीमेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'अनडू सेंड'ची मुदत ३० सेकंद करून ठेवा, त्याहून जास्त मिळत नाही.

तोटाही आहे. पुढे त्या साखळीला उत्तर देताना चुकून आपल्या टिपणाच्याच मेलला उत्तर दिलं, तर खाली टिपणाचा मजकूर जोडून जातो. पाठवण्याआधी खालचा जुना मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला.

## ९. आउटलुक किंवा जीमेल वापरत असाल तर

जीमेलच्या वेबवर मेल उघडा ठेवून उजव्या पट्टीतल्या 'कीप' या गूगलच्या टिपणवहीत टिपण लिहिलं की त्यात त्या मेलचा दुवा आपोआप जोडला जातो. 'अ‍ॅड टू टास्क्स'नेही तसंच होतं. मात्र दुवा टिपणाकडून मेलकडे जातो. मेल उघडला म्हणून टिपण समोर येईल असं नाही.

क्लासिक आउटलुकमध्ये आलेला मेलच बदलता येतो: मेल वेगळ्या खिडकीत उघडा, 'मूव्ह' गटातलं 'अ‍ॅक्शन्स', त्यात 'एडिट मेसेज', लिहून कंट्रोल आणि एस. सोपं आहे, पण शक्यतो वापरू नका. मूळ मजकूर आणि तुमचा मजकूर यांत काही फरक उरत नाही, आणि डिजिटल सही असलेल्या मेलची सही जुळेनाशी होते.

वाद होऊ शकेल अशा मेलला, म्हणजे भाडेकरार, बिल्डरशी पत्रव्यवहार, नोकरीचा राजीनामा, तर अजिबात हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवायचं असतं. फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी ते मूल्य पूर्ण बदलतं. थंडरबर्डमधली, मेलचा विषय बदलून देणारी अ‍ॅड-ऑन्सही याच कारणासाठी टाळा: ती नवी प्रत चढवून जुनी काढतात.

आउटलुकमध्ये त्याऐवजी मेलवर उजवं क्लिक करून 'फॉलो अप', मग 'कस्टम' निवडा. 'फ्लॅग टू'च्या चौकटीत यादीतल्या शब्दांऐवजी स्वतःची ओळ लिहिता येते आणि ती मेलच्या माथ्यावरच्या पट्टीत दिसते. एका ओळीपुरतीच सोय आहे, पण '३२५ ठरला, १६/६ ला फोन' एवढं त्यात बसतं.